दोन माणसांचं काम

बाय गेली तेव्हा मी घरी नव्हते. पेणजवळच्या माझ्या माहेरी भाच्याची हळद होती. आमच्या आगरी घरांतली हळद लग्नाहून मोठी. स्पीकर असे लावलेले की मांडीला मांडी लावून बसलेल्याचं बोलणं ऐकू येऊ नये, आणि माझा मोबाइल पिशवीत, पिशवी आतल्या खोलीत खुंटीला. बायचा मुलगा राजन मला फोन करून करून थकला. शेवटी त्यानं माझ्या भावाला गाठलं, आणि भावानं मला मांडवातून उठवून मागच्या गोठ्याशी नेलं, तिथं जरा आवाज कमी होता... दुपारी जेवून पडवीत आडवी झाली ती उठलीच नाही. मासेवाली हाका मारून मारून आत आली तेव्हा कळलं. माझ्या हातांना हळद लागलेली होती. ती धुवायला नळाखाली वाकले आणि किती वेळ तशीच वाकून राहिले, आठवत नाही.

तीस वर्षं मधे एक भिंत ठेवून आम्ही शेजारी राहिलो, आणि नेमक्या त्या दोन दिवसांत मी भिंतीच्या अलीकडे नव्हते. जायला तिनंच लावलं होतं मला. "जा गं मास्तरीन. भाच्याची हलद काय दर साली येनार हाय? घराला मी हाय." तिच्या या 'मी हाय'वर विसंबून मी कुठे कुठे जाऊन आले असेन! सहा आठवडे झाले आता. तिच्याबद्दल चार बरे शब्द लिहावेत म्हणून बसले आहे, पण खरं सांगायचं तर त्यात माझ्याबद्दलचे काही बरे नसलेले शब्दही येणार आहेत.

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ, हिराबाई. माहेर उरणकडचं, मिठागरातलं. समुद्राचं पाणी कधी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कधी सोडायचं आणि कधी अडवायचं, हे ती बापाबरोबर चिखलात उभी राहून शिकली. शाळेत कधी गेलीच नाही. मी आतल्या भातशेतीच्या गावातली, डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला. लग्न होऊन रेवदंड्याजवळच्या या गावात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, हिला बाय म्हणायचं. तिनं मला पहिल्या दिवसापासून मास्तरीण करून टाकलं. पुढे दोघा भावांनी जुनं घर उतरवून नवं बांधलं, मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडं केली. वर स्लॅब मात्र एकच राहिला, आणि मागचं परसही एकच. मला मूलबाळ नाही, तिला एक राजन. दीर आधी गेले, मग माझे यजमान. त्यानंतर भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका उरल्या.

आमचं बिनसलं ते त्या स्लॅबवर. माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मे महिना होता आणि आगोटीची गडबड चाललेली. पावसाळ्यासाठी घरात जे भरून ठेवायचं त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. बायचा जवळा वाळत होता. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळली की वाऱ्याबरोबर उडते. माझ्या बाजूला कुरडया घातलेल्या, अजून ओल्या. दुपारी वारा सुटला आणि तिचा अर्धा जवळा माझ्या कुरडयांवर येऊन चिकटला. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून केलेल्या कुरडया होत्या त्या. ती जिना चढून वर आली, बघितलं आणि हसत सुटली. "बरं झालं की! आता जवल्याच्या कुरडया तल." आणि मी म्हटलं, "अडाणी माणसाला सांगायचं तरी किती वेळा?"

तेवढंच वाक्य. माझ्या वर्गातल्या पोरालाही मी तसं कधी बोलले नव्हते. तिचं हसू गेलं. खाली बसून तिनं कुरडयांवरचा जवळा एकेक करून वेचला, सुपात भरला आणि जिना उतरून गेली. मग अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. वाचणाऱ्याला हसू येईल, पण अशी अकरा वर्षं फार सहज जातात. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मला कळायचं भात झाला. मी खोकले की पलीकडे रेडिओचा आवाज बारीक व्हायचा. गणपतीत मोदकांचं ताट यायचं, पण शेजारणीच्या हातून, आणि रिकामं ताट साखर घालून त्याच हातून परत जायचं. माफी मागायला एक उंबरा ओलांडायचा होता. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी तो ओलांडला नाही. मी शिकलेली ना!

मग आमची विहीर बिघडली. आधी ती शिमग्यानंतर मचूळ व्हायची, पुढे संक्रांतीपासूनच व्हायला लागली. इथून नागावपर्यंत वाडीवाडीत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या, पंप बसले, रात्रंदिवस उपसा सुरू झाला. समुद्र खालून आत आलाय, असं लोक म्हणायचे. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, तेही आलं तर. राजनचे उरणच्या बंदराला ट्रेलर चालतात, उलव्याला सहाव्या मजल्यावर घर आहे. एका मे महिन्यात तो गाडी घेऊन आला. भिंतीतून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आई, प्यायला पानी न्हाय तिथं र्‍हायाचं कसं? आज तुला न्हेतंयच मी."

"सहाव्या माल्यावर काय करू मी? खिरकीतनं कंटेनर बघू?"

"तं पान्याचं काय करशील?"

"यक पावसाला दे मना. पुढल्या मेला घरान पानी दिसलं न्हाय तं न्हे. मी पायरीवर पिशवी घेऊन बसलेली दिसन."

मी हातातलं काम टाकून भिंतीला टेकून उभी होते. तोवर मी सगळ्यांना सांगायचे की मी एकटी राहते. त्या दिवशी मला कळलं की मी एकटी नव्हतेच... बोलत नसलो तरी पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं, कोणीतरी देवाला दिवा लावत होतं. ती उलव्याला गेली तर काय राहणार होतं, ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. अकरा वर्षांनी. आत आली नाही, चौकटीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "स्लॅबचा उतार तुझ्या कोपऱ्याकडं हाय. तिथनं पाइप काढू कं? पावसाचं पानी साठवाचं हाय. दोघींना होईल." मी म्हटलं, "काढा." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो केलं, इतकी मी गोंधळले होते. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि गेली.

परसात खांद्याइतक्या उंचीची विटांची टाकी उभी राहिली, आतून गुळगुळीत सिमेंट, वर झाकण, खाली नळ. गवंड्याच्या डोक्यावर ती सकाळपासून उभी असायची. खारं पाणी अडवण्यात तिचं लहानपण गेलं होतं, गोडं पाणी अडवायला काय लागतं, असा तिचा एकंदर तोरा. दत्ता प्लंबरनं माझ्या कोपऱ्यातून पाइप उतरवून सरळ टाकीच्या तोंडात सोडला. पावसाआधी आम्ही स्लॅब झाडून घासला, तिनं तिचा अर्धा, मी माझा अर्धा, एकमेकींकडे पाठ करून. आणि धुतला तो कशानं? तर विहिरीच्या पाण्यानं, म्हणजे मिठाच्या. वर त्या स्लॅबनं वर्षानुवर्षं जवळा, बोंबील, वाकट्या वाळवलेल्या. एवढं साधं दोघींच्या लक्षात येऊ नये! पण अर्धा अर्धा स्लॅब मुकाट्यानं घासणाऱ्या दोन बायका एकमेकींना विचारणार तरी काय?

मृगात टाकी भरली. मी नळाखाली कळशी धरली, कौतुकानं चहा टाकला, पहिला घोट घेतला आणि मोरीत धावले. चहाला जवळ्याचा वास! नुसता वास नव्हे, चवसुद्धा, मीठ घातल्यासारखी. तेवढ्यात पलीकडच्या मोरीतून 'थू' ऐकू आलं. मग ती हसायला लागली. आधी दाबून, मग मोठ्यानं. मला आवरलं नाही, मीही हसले. भिंतीच्या दोन बाजूंना आपापल्या मोरीशी उभ्या राहून दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तिनं ओरडून विचारलं, "मास्तरीन, साकर किती टाकलीस?" मी म्हटलं, "कितीही टाक बाय, जवळाच तो." इतक्या सहज अकरा वर्षं संपली. कुरडयांचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

सगळी टाकी सोडून द्यावी लागली. पाऊस पुष्कळ बाकी होता म्हणून निभावलं. दत्ताला परत बोलावलं. मी त्या दिवशी शाळेत होते, त्यामुळे त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी आले तर पाइपाच्या टोकाला एक एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा तुकडा, बसवलेला, न चिकटवता, हातानं फिरेल असा. बायनं मला समजावून सांगितलं. पाऊस लागला की सुरुवातीचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, एल्बो परसातल्या केळीकडे वळवून ठेवायचा. एकीनं वर स्लॅबवर राहायचं, खराट्यानं पाणी लोटायचं, ओंजळीत घेऊन बघायचं, चाखायचं. पाणी निवळलं की वरून हाक द्यायची. खालच्या बाईनं टाकीशेजारच्या दगडावर चढून एल्बो टाकीकडे फिरवायचा आणि सुतळीनं बांधायचा. वरून पाइपाचं तोंड दिसत नाही आणि खालून स्लॅब दिसत नाही, तेव्हा हे काम दोघींनीच करायचं. "वर मी जाईन," ती म्हणाली, "तुला पान्याची चव न्हाय कलायची."

नऊ पावसाळे आम्ही तसं केलं. चार दिवस उघडीप झाली की स्लॅबवर परत धूळ, कावळ्यांची घाण, आणि परत तीच कवायत. ती डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन वर, मी परसात दगडावर, हात एल्बोला. पावसाच्या मारात एकमेकींचं काही कळायचं नाही म्हणून ओरडावं लागायचं. ती 'सोड' म्हणायची नाही, आमच्या बोलीप्रमाणे 'सोर' म्हणायची. "सोर गं! सोर!" अख्ख्या आळीला ऐकू जायचं. मी विचारायचे, "निवळलं का नक्की?" "तुला मंग काय सांगतंय मी!" कधी तिची हाक यायच्या आधीच मी फिरवून मोकळी व्हायचे, मग दोन दिवस तोंडाचा पट्टा. दोघी नखशिखांत भिजायचो. मग तिच्या चुलीशी बसून केस पुसायचे, आणि चहा. चहा पिता पिता जे बोलणं सुरू व्हायचं ते जेवणवेळेपर्यंत. अकरा वर्षांचं साठलेलं होतं.

एकदा मी ठरवलं की आज बोलायचंच. जोराचा पाऊस होता, ती वर, मी खाली. तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर आला. खालून ओरडले, "बाय, मी तेव्हा तुला अडाणी म्हटलं ते..." वरून आवाज आला, "आयकू येत न्हाय पावसान! पाइप धर!" मी परत ओरडले. "पाइप धर, पाइप! सुटल तो!" मी पाइप धरला. चहाच्या वेळी मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ती कपात बघत म्हणाली, "यंदा टाकी लवकर भरंल." ऐकू आलं होतं की नव्हतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

राजन दर मे महिन्यात यायचा. ती टाकीच्या नळाखाली तांब्या धरायची आणि त्याच्या हातात द्यायची. तो उभ्यानं पिऊन टाकायचा, तोंड पुसायचा आणि दोन आंबे पिशवीत घेऊन एकटाच परत जायचा. प्यायला आणि रांधायला वर्षभर पुरेल इतकं पाणी दोन बायकांनी आपल्या डोक्यावरून उतरवून घेतलेलं होतं, आणि तिला घरातून न्यायला दुसरं कारण कोणाकडे नव्हतं. यंदाही तो अक्षय्य तृतीयेच्या सुमारास येऊन, पाणी पिऊन गेला. त्यानंतर आठवड्यानं ती गेली. आपल्याच पडवीत गेली, हे तिच्या मनासारखं झालं, असं येणारा जाणारा म्हणतो. मीही मान हलवते.

बाराव्याचं सगळं उरकल्यावर राजन माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "काकी, तू चल आता. येकली कशी र्‍हाशील? पान्याचं कोन बघल?" पोरानं मनापासून म्हटलं. मी त्याला म्हटलं, बघते. तो गेल्यावर परसात जाऊन त्या दगडावर बसले. नोकरी संपली, नवरा गेला, तेव्हाही इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं. पाऊस दहा-पंधरा दिवसांवर आलेला. वर जाऊन पाणी बघितलं तर खाली एल्बो कोण फिरवणार? खाली उभी राहिले तर वरून कोण हाक देणार? पावसात जिन्यावरून धावत खालीवर करायला माझे गुडघे राहिलेत कुठे? टाकी भरली नाही तर हे घर सुटणार, इतकं सरळ गणित होतं. पलीकडच्या खोल्यांना कुलूप. भिंतीला कान लावून बघितला, खोटं कशाला सांगू.

शेवटी दत्ता प्लंबरला बोलावलं. त्याला म्हटलं, एकट्या बाईला जमेल असं काहीतरी करून दे. तो पाइपाकडे बघून मान हलवत हसला.

"काकी, हे तं मी बायला तवाच सांगितलेलं. तुमच्या टाकीला जवल्याचा वास आल्ता त्याच साली."

"काय सांगितलेलं?"

"पाइपाला मधी यक उभा पाइप लावाचा, खाली झाकन लावून. पयलं घान पानी त्याच्यान भरतं. तो भरला की मंगचं पानी आपोआप टाकीत जातं. कोनी उभं र्‍हावाला लागत न्हाय. नंतर झाकन खोलून तेवरं घान पानी सोरून द्याचं. सामान पन घेऊन आल्तो मी."

"मग बसवलं का नाहीस?"

"बाय बोलली, नको बसवू. मंग ती भायेर येवाची न्हाय."

मला आधी समजलंच नाही. ती म्हणजे कोण, असं विचारणार होते. मग पायरीवर बसले. दत्ता घाबरून पाणी आणायला धावला... नऊ वर्षं! खोळ डोक्यावर घेऊन, सत्तरी ओलांडल्यावरही, ती म्हातारी बाई पावसात स्लॅबवर चढत होती, आणि चढायची गरजच नव्हती. मला पाण्याची चव कळत नाही म्हणे. जिला मी अडाणी म्हटलं तिनं माझा अबोला पुरता ओळखला होता. मी आपण होऊन उंबरा ओलांडणार नाही, पण काम अडलं तर परसात येईन, हाक मारली तर ओ देईन, हे तिला पक्कं माहीत होतं. समुद्राचं पाणी तिनं असंच वाट करून आत घेतलं असेल. आणि मी त्या नऊ वर्षांत तिला एकदाही माझ्या तोंडानं, समोर बसून, चुकले म्हणाले नाही. पाऊस थांबल्यावर म्हणता आलं असतं.

"बसवू का मंग?" दत्तानं विचारलं. नको म्हणावं असं फार वाटलं. पण नको म्हणून दगडावर उभं राहिलं तर वरून कोण बोलणार होतं? आणि टाकी कोरडी राहिली तर राजन पिशवी उचलायला येणार. तिनं ज्या घरात राहण्यासाठी एवढं केलं ते मी पंधरा दिवसांत कुलूप लावून सोडायचं, हे मला जमणार नव्हतं. "बसव," मी म्हटलं. त्यानं पाइप कापला, जोड लावला, उभा पाइप खाली बांधला. अर्ध्या तासाचं काम होतं. निघताना काढलेला एल्बो त्यानं विचारून माझ्या हातात दिला. तो मी पलीकडे नेऊन बायच्या खिडकीत ठेवला.

परवा सकाळी पाऊस लागला. मी आदल्या दिवशीच हळूहळू, अर्धा अर्धा न करता, सबंध स्लॅब झाडून ठेवला होता. पडवीत खुर्ची टाकून बसले. उभ्या पाइपात पाणी भरल्याचा आवाज आला, मग तो बदलला आणि टाकीत धार पडायला लागली. पाणी नितळ होतं, तांब्यात घेऊन बघितलं. काही वासबीस नाही. दुपारपर्यंत टाकी पावपेक्षा जास्त भरली. मी जेवले, भांडी घासली, जरा पडले. उठले तेव्हा पाऊस पडतच होता आणि टाकी भरतच होती, माझ्यावाचून. संध्याकाळी पाववाल्याचा भोंगा ऐकून छत्री घेऊन दारात गेले.

"दोन पाव दे," म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सकाळपासून तोंडातून शब्द निघाला नव्हता, घसा पार बसलेला. पाव कागदात बांधता बांधता त्यानं वर बघितलं.

"काय काकी, पावसान भिजलीस कं?"

"नाही रे," मी म्हटलं, "यंदा भिजलेच नाही."